दूध तोडण्याची कोरफड

आमच्या घरात कोणालाही काहीही झालं की आधी कोरफड लागते, मग डॉक्टर. भाजलं, केस गळले, सांधे धरले, तोंडावर पुटकुळ्या आल्या, पोट साफ झालं नाही, नवऱ्याचं डोकं फिरलं, काहीही असो. सासूबाई सुरी घेऊन गॅलरीत जातात, एक पान कापून आणतात आणि कामाला लागतात. नवऱ्याच्या डोक्याला अजून गुण आलेला नाही. बाकी सगळ्याला येतो असं त्यांचं म्हणणं आहे, आणि पेशंट घरातलेच असल्यामुळे उलट तक्रार करायची कोणाची हिंमत होत नाही.

आम्ही कामतघर भागात एका चाळीत पहिल्या मजल्यावर राहतो. खाली कापड विणायचे लूम आहेत. वरची गॅलरी सगळ्यांची, पण कठड्याच्या कडेची जागा सासूबाईंची. तिथे रंगाचे रिकामे डबे, एक फुटकी बादली आणि डाईंगवाल्याकडून आणलेला अर्धा कापलेला निळा ड्रम असा त्यांचा बगीचा आहे. सगळ्या डब्यांत कोरफडच. मूळ रोप त्यांच्या माहेरचं, कोन गावचं. ते लग्नात त्यांच्याबरोबर आलं की नंतर आलं याबद्दल त्या दर वेळी वेगळं सांगतात. आता त्याची पिल्लं, पिल्लांची पिल्लं अशी वाढली आहेत की पलीकडच्या खोलीतल्या चाचीला आपला दरवाजा पूर्ण उघडता येत नाही. चाचीचा नवरा खालच्या लूमवर कामाला आहे. ती उत्तर प्रदेशातली, कोरफडीला घीक्वार म्हणते, आणि दरवाजा अर्धाच उघडतो याबद्दल कधी काही बोलत नाही. महिन्याकाठी दोन पानं घेऊन जाते, एवढंच.

कोरफडीला पाणी कमी लागतं ही गोष्ट चाळीत एकट्या सासूबाईंना पटलेली आहे. बाकीच्या बायका जाता-येता तांब्यात उरलेलं पाणी डब्यांत ओततात. कोणाला तहानलेलं बघवत नाही म्हणून. मुळं कुजतात, पानं खालून मऊ पडतात, आणि सासूबाई गॅलरीत उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "पानी नका घालू गो तिला! भिकारीन न्हाय ती!" दुसऱ्या दिवशी परत कोणीतरी ओततंच.

खालच्या लूममधून सुताची बारीक पांढरी धूळ वर येते आणि पानांवर बसते. रोज सकाळी सासूबाई ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसतात. एवढ्या वेळा त्यांनी माझ्या नवऱ्याचं तोंड लहानपणी पुसलं असेल असं त्याच्याकडे बघून वाटत नाही. शिवाय आमच्या दाराच्या चौकटीवर एक कोरफड मुळांसकट उलटी टांगलेली आहे, दृष्ट लागू नये म्हणून. तिला माती नाही, पाणी नाही, डोकं खाली, पाय वर, तरी ती हिरवीगार. मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात पहिला धीर मला तिच्याकडे बघून आला होता.

आमच्या मुलीचं सगळं पहिलं-वहिलं याच गॅलरीत झालं. ती झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, पोरीचं पोट मी बघते. त्यांनी बघितलं म्हणजे दर आठवड्याला तिला कडू पाजलं. किराइताच्या काड्या पाण्यात भिजवायच्या, ते पाणी चमच्याने घशात सोडायचं. जंत होत नाहीत, रक्त शुद्ध राहतं, ताप येत नाही. मी एकदा चमचाभर पिऊन बघितलं आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी धड बोलले नाही. मुलीने सुरुवातीला थयथयाट केला. पुढे तिच्या लक्षात आलं की आजी नाक दाबून का होईना पाजणारच, आणि कडू गिळून तोंड उघडून दाखवलं की गुळाचा खडा मिळतो. मग ती स्वतःच आ करायला लागली. चव म्हणजे काय हे कळायच्या आधीच तिची कडूशी ओळख झाली, आणि ओळख झाली की माणूस फारसं मनाला लावून घेत नाही.

बाकी खाण्याच्या बाबतीत मात्र ती राजकन्या होती. दोन वर्षांची झाली तरी अंगावर पीत होती. भात भरवला तर बोटाने बाहेर काढायची, बाटली बघितली की मान फिरवायची, गाईचं दूध दिलं तर ते कोरफडीच्या डब्यात ओतायची. दुपारी माझ्या अंगावर पिता पिताच झोपायची. लूम चालू असले की झोप लागायची. शुक्रवारच्या सुट्टीला लूम बंद असले किंवा लाइट गेली की खालचा खडखडाट थांबायचा, आणि ती दचकून उठून परत माझ्या कुर्त्याला हात घालायची. मला ते आवडत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कंटाळाही यायचा, पाठही दुखायची, आणि आवडायचंही.

तेवढ्यात फोन आला.

मी बाळंतपणाच्या आधी काल्हेरला गोडाउनमध्ये कामाला होते. पट्ट्यावरून पार्सलं येतात, आपण प्रत्येकावर स्कॅनर धरायचा, टिक् असा आवाज आला की पुढचं. कंत्राटी काम. पोट दिसायला लागलं तशी मी काम सोडलं आणि माझी जागा दुसऱ्या बाईने घेतली. फोन आमच्या जुन्या सुपरवायझर बाईंचा होता. एक तारखेपासून नवीन शिफ्ट सुरू होते आहे, तू नीट काम करायचीस म्हणून आधी तुला विचारते, असं त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "मुलगी अंगावर पीत असेल तर मात्र येऊ नकोस. मागे एक जण यायची, रोज दुपारी पोराला पाजायला घरी पळायची. शेवटी मलाच बोलणी बसली."

नवऱ्याचा टेम्पो आहे. सुताची बीमं, म्हणजे सूत गुंडाळलेले मोठे रूळ, लूमवर पोचवतो, कापडाचे तागे घेऊन परत येतो. त्या वर्षी अर्धे लूम बंद असायचे आणि टेम्पो चाळीखाली उभा असायचा, त्यावर मांजर झोपलेलं असायचं. म्हणून घरासाठी मला जायला हवं, असं मी घरात सांगितलं आणि ते खरं होतं. पण मला स्वतःलाही जायचं होतं. डब्याची पिशवी खांद्याला लावून शेअर रिक्षात बसायचं होतं. दिवसभरात निदान काही तास कोणी माझ्या कपड्यांना हात घालणार नाही, अशा ठिकाणी उभं राहायचं होतं. एक तारीख जवळ आली होती आणि मधे उभी होती दोन वर्षांची एक बाई, जी माझ्याशिवाय दुपारी झोपत नव्हती.

सासूबाईंना हा प्रश्न वाटलाच नाही. जेवता जेवता त्या म्हणाल्या, "कोरफड लाव. त्यात काय हाय येवरं?"

"कुठे?" मी विचारलं. विचारल्यावर कळलं की विचारायला नको होतं.

"कुटं म्हंजे? जिथं पिते तिथं! ह्यो तुजा नवरा, केवरा मोटा झाला तरी पीत व्हता. एक डाव लावली कोरफड, परत वलून बघला न्हाय."

नवरा समोरच जेवत होता. त्याने भातावर आमटी ओतली आणि ती फार लक्ष देऊन कालवली. ताट संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

संध्याकाळपर्यंत चाळीला कळलं. गॅलरीत कपडे वाळत घालता घालता चाची म्हणाली, "घीक्वार लगाओगी? हमारे उधर तो नीम पीसके लगाते हैं. लेकिन घीक्वार भी ठीक है, तुम्हारे घर का है." तिसऱ्या खोलीतलीने मिरचीचं नाव काढलं, तिला सासूबाईंनी गप्प केलं. माझ्या अंगावर काय लावायचं याची चर्चा सगळ्या जणी अशी करत होत्या की जणू खालच्या लूमवर कुठलं सूत चढवायचं ते ठरत आहे. मी मध्ये उभी राहून कपड्यांचे चिमटे देत होते.

पहिला प्रयोग मी स्वतःच्या अकलेने केला. सासूबाईंना विचारलं तर त्या स्वतःच लावायला येतील या भीतीने मी मोबाइलवर बघितलं. एक गोड आवाजाची बाई सांगत होती की कोरफडीचं पान कापल्यावर ते उभं करून ठेवा, पिवळा चीक पूर्ण निथळू द्या, मग पान दोनदा धुवा, साल काढा आणि आतला गर वापरा. मी शब्दाबरहुकूम केलं. पान ग्लासात उभं केलं, निथळू दिलं, धुतलं, परत धुतलं. मोरीत जाऊन, पडदा ओढून, गर लावला. थंडगार वाटलं. मग मन घट्ट करून दुपारी मुलीला जवळ घेतलं.

ती प्यायला लागली. थांबली. वर माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता रडणार, आणि मला आधीच भरून आलं. ती हसली आणि दुप्पट जोराने प्यायला लागली. एक बाजू झाल्यावर दुसरीकडचंही तेच मिळेल का ते बघायला तिने स्वतःच माझी कूस बदलून घेतली.

सासूबाईंनी मोरीतला ग्लास बघितला. तळाला पिवळं पाणी होतं. "ह्यो काय?"

"चीक. निथळून टाकला."

त्यांनी ग्लासाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "चीक टाकलास? मंग लावलास काय पोरीला? पानी?"

कडूपणा सगळा चिकात असतो हे मला माहीत नव्हतं. तो व्हिडिओ चेहऱ्यासाठी होता. पुढचे दोन दिवस माझी कातडी इतकी मऊ झाली होती की सांगता सोय नाही, पण त्याचा उपयोग काही नव्हता.

दुसरा प्रयोग सासूबाईंच्या देखरेखीखाली झाला. पान कापलं आणि कापलेली बाजू, चीक वाहत असताना, सरळ टेकवली. मी आधी जिभेला लावून बघितला. नंतरचा चहा, त्यानंतरचं जेवण आणि रात्री घासलेले दात, सगळं कडू लागलं. माझा विश्वास बसला. कुठलंही मूल हे एकदा चाखलं की जन्मात जवळ येणार नाही असं मला वाटलं. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. चाची अर्ध्या उघडलेल्या दरवाजातून बघत होती.

मुलीने तोंड लावलं. तिचं नाक आक्रसलं, डोळे बारीक झाले, अंगावर शहारा आला. मग चेहरा एकदम ओळखीचा झाला. तिने डोळे मिटले, निमूटपणे गिळलं, थोडं आणखी प्यायली, माझ्या मांडीवरून उतरली आणि चालत आजीपाशी गेली. आ करून तोंड दाखवलं. आणि गुळासाठी हात पुढे केला.

 चाचीने दरवाजा लावून घेतला, पण आतून हसण्याचा आवाज आलाच. सासूबाई आत गेल्या आणि गुळाचा खडा आणून तिला दिला. त्या शब्दाच्या पक्क्या आहेत.

संध्याकाळी मुलीला जुलाब सुरू झाले. कोरफडीच्या चिकाने पोट साफ होतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण ते तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. पोरगी अगदी मलूल झाली. डॉक्टरकडे नेलं, त्यांनी मीठ-साखरेच्या पुडीचं पाणी पाजायला सांगितलं आणि विचारलं, काय खाल्लं? मी सांगितलं.  परत आल्यावर मी सासूबाईंवर ओरडले, तेवढी मी कधी ओरडले नव्हते. "तुम्हीच तिला जन्मल्यापासून कडू पाजून पाजून जीभ मारून टाकलीत! आता तिला काय कडू लागणार आहे?"

"मंग काय पोटात किडं होऊ द्यायचं व्हतं?" त्याही ओरडल्या. पण आवाज नेहमीचा नव्हता. त्या रात्री मुलीची दुपटी त्यांनीच धुतली, मला हात लावू दिला नाही. सकाळी मुलगी उठून नेहमीसारखी डब्यात पाणी ओतायला लागली तेव्हा त्यांनी तिला रागावायचं सोडून नुसतं बघत राहणं पसंत केलं. मी ठरवलं की झालं, आता काही लावायचं नाही.

दुपारी सुपरवायझर बाईंचा फोन आला. "काय ठरलं? आजच सांग, दुसरी एक विचारते आहे."

मुलगी तेव्हा मांडीवर पीत होती. मी म्हटलं, "येते."

कसं येणार ते मला माहीत नव्हतं. फोन ठेवला तरी ती खुशाल पीत होती, तिचा एक हात माझ्या हनुवटीवर होता.

तिसरा प्रयोग कोणी केलाच नाही, तो आपोआप झाला. चिकाने माझी कातडी उतली. आधी खाज, मग लाल चट्टे, मग बारीक पुळ्या. कपडा लागला तरी आग व्हायची. मी दोन दिवस कोणाला सांगितलं नाही, पण मुलगी पीत असताना माझ्या तोंडावर जे उमटायचं ते सासूबाईंना दिसलं. त्या गॅलरीत गेल्या. पान कापून आणलं. ते त्यांनी ग्लासात उभं केलं आणि चीक पार निथळेपर्यंत समोर बसून राहिल्या. मग पान धुतलं, परत धुतलं, साल काढली. त्या व्हिडिओतल्या बाईने शिकवलं होतं तसंच. मला हसू यायला हवं होतं, पण रडू आलं.

"बस हितं," त्या म्हणाल्या. मोरी नाही, पडदा नाही. खोलीतच खाली बसवलं, आणि स्वतःच्या पोरीला लावावा तसा माझ्या अंगाला गर लावला. मग फुंकर घातली.

मुलगी समोर उभी होती. आदल्याच आठवड्यात तिने भाकरीच्या वेळी तव्याला बोट लावलं होतं, तेव्हा आजीने असाच गर लावून असंच फुंकलं होतं. नंतर ते बोट तिने सगळ्या चाळीला दाखवलं होतं, खालच्या लूमवाल्यांनासुद्धा. ती जवळ आली आणि वाकून बघायला लागली. लाल चट्टे, त्यावर चकचकीत गर.

"बाऊ?" तिने विचारलं.

"हां बाय," सासूबाई म्हणाल्या. "आयेला बाऊ जाला."

ती आणखी जवळ आली. तिने गाल फुगवले आणि फुंकर घातली. थोडी थुंकीही उडाली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली. तिची झोपेची वेळ झाली होती, डोळे जड झाले होते. हात सवयीने माझ्या कुर्त्यापर्यंत आला, तिथे थांबला आणि मागे गेला. ती वळली, आजीच्या मांडीत जाऊन बसली, आणि खाली लूम चालू होते त्या आवाजात थोड्या वेळाने झोपली. त्या दिवशी तिने आजीच्या हातचा वरणभात खाल्ला. रडली नाही. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

कोरफडीने दूध तोडलं ही बातमी सासूबाईंनी संध्याकाळी गॅलरीत दिली. "सांगितला व्हता ना मी?" चाची म्हणाली, "चलो, काम तो हो गया." त्या गरात कडूचा थेंबही नव्हता आणि पोरीने तो चाखलाही नव्हता, हे मला माहीत होतं आणि सासूबाईंना माहीत होतं. आम्ही दोघी गप्प बसलो. माझी कातडी लवकरच बरी झाली. पण मुलगी सकाळी उठली की आधी विचारायची, "आई, बाऊ?" आणि मी म्हणायचे, "हो." मग सासूबाई निमूटपणे उठून पान कापायच्या, चीक निथळून टाकायच्या, आणि जिथे काहीही झालेलं नव्हतं तिथे गर लावायच्या. मुलगी फुंकायची. आमच्या घरात एवढ्या एकमताने दुसरं कुठलंही काम झालेलं मला आठवत नाही.

पुढे पुढे ती स्वतःच पानं तोडून आणायला लागली. तिला सुरी लागायची नाही, टोक धरून पिरगाळायची. बगीच्यात सगळीकडे अर्धी तुटलेली पानं दिसायला लागली. एरवी सासूबाईंनी चाळ डोक्यावर घेतली असती. पण त्या तुटलेली पानं गोळा करायच्या आणि आपल्या गुडघ्यांना चोळायच्या.

एक तारखेला मी काल्हेरला गेले. पट्टा सुरू झाला, टिक् टिक् सुरू झालं, हात लगेच जुन्या लयीत आले. फार बरं वाटलं. दुपारच्या जेवणापर्यंतच बरं वाटलं. तिच्या झोपेची वेळ झाली तशी छाती दगडासारखी झाली. घरी असताना मी मोरीत जाऊन थोडं थोडं पिळून टाकायचे, म्हणून एवढं जाणवलं नव्हतं. पोरीचं दूध तुटलं होतं, माझं तुटलं नव्हतं, आणि त्यावर काय करायचं ते ना व्हिडिओतल्या बाईने सांगितलं होतं ना सासूबाईंनी. कुर्ता ओला झाला म्हणून मी वर ओढणी गुंडाळली. संडासात जाऊन भिंतीला टेकून दूध पिळून बेसिनमध्ये टाकलं, नळ सोडला आणि परत येऊन उभी राहिले. सुपरवायझर बाई म्हणाल्या, "काही त्रास नाही ना?" मी म्हटलं, नाही. समोरच्या पट्ट्यावर योगायोगाने बाळाच्या डायपरची खोकी चालली होती. मी ती स्कॅन केली.

घरी पोचले तर ती दारातच होती. मला बघून पळत आली, पायांना मिठी मारली, तोंड वर केलं. तिचं डोकं माझ्या छातीला लागलं आणि मी कळवळले.

"बाऊ? दुखतं?" तिने विचारलं.

इतके दिवस मी नुसतं हो म्हणत होते. त्या दिवशी मी म्हटलं, "दुखतं," आणि ते अगदी खरं होतं. ती फुंकायला लागली. मी दारातच, चप्पल न काढता, खाली बसले आणि तिला फुंकू दिलं. सासूबाईंनी जुन्या लुगड्याची पट्टी आणून माझी छाती करकचून बांधली आणि मला चहा दिला.

दूध आटायला वेळ लागला, पण आटलं. दुखायचं थांबलं. मी मात्र मुलीला हो म्हणत राहिले, कारण एकदा बरं झालं म्हटलं की ती हक्काने कुर्त्याला हात घालेल आणि मग एवढ्या सगळ्यावर पाणी पडेल. तिने रोज विचारलं, मग एक दिवस सोडून विचारलं, मग कधीतरी. मग विचारेनाशी झाली. हे नेमकं कधी झालं ते माझ्या लक्षात आलं नाही. मी शिफ्टवर होते.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी ती गॅलरीत बाहुलीला आंघोळ घालत होती. लूम बंद होते, सगळीकडे शांत होतं. सासूबाई आत पडल्या होत्या. मी तिच्याजवळ जाऊन बसले. बराच वेळ बसले. मग म्हटलं, "बघ गं, आईचा बाऊ बरा झाला."

तिने बाहुली बाजूला ठेवली. माझ्याकडे नीट बघितलं. ओला हात माझ्या कुर्त्यावरून फिरवला, दोनदा थोपटलं. "शाणी माझी आई," ती म्हणाली. "आता परत लागून घेऊ नको हां." आणि बाहुलीचं डोकं पुसायला लागली.

कुर्त्याची वरची दोन बटणं मी आधीच काढून ठेवली होती. ती परत लावली.